मुलांना घेऊन उष्ण कटिबंधातल्या बेटावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीचा विषय निघाला की "कुठलं बेट?" हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि चर्चा तिथेच अडकून बसते. माझ्या लेखी त्याचा क्रमांक तिसरा. आधी मुलाचं वय बघायचं, मग तुमच्या सुट्टीच्या महिन्यात तिथल्या किनाऱ्यावर पाणी कसं असतं ते बघायचं, आणि मग बेटाचं नाव ठरवायचं. खालचे प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचा, पण पाण्याबद्दलचे तेवढे गाळू नका.

मूल केवढं झालं की न्यावं?

ठरावीक वय नाही, पण प्रत्येक वयाची अडचण वेगळी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत. त्याचा सगळा भार सावलीवर आणि कपड्यांवर. शिवाय त्याचं अंग लवकर तापतं. त्यामुळे एवढ्या लहान बाळाला घेऊन जाण्याची घाई करू नये असं मला वाटतं. सहा महिन्यांपासून ते चालायला लागेपर्यंतचा काळ मात्र लोकांना वाटतो त्यापेक्षा सोपा. बाळ ठेवलं तिथे राहतं, दुपारी झोपतं, आणि विमानात त्याला बहुधा वेगळं तिकीट लागत नाही.

खरी दमछाक एक ते तीनमध्ये. या वयात पाय असतात, भीती नसते आणि वाळू थेट तोंडात जाते. न्यायचंच असेल तर एका वेळी एक मोठं माणूस फक्त त्या मुलामागे, हे आधीच ठरवून घ्या. चार ते दहा हा सोन्यासारखा काळ: सांगितलेलं कळतं, बादली-फावड्यात तास जातो, आणि पाण्याखालचा पहिला मासा दिसला की त्याचं वर्णन पुढे आठवडाभर ऐकावं लागतं.

मुलांसाठी कोणतं बेट चांगलं?

बेट नव्हे, किनारा निवडा. एकाच बेटाच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र असतात. उष्ण कटिबंधात वर्षातला बराच काळ व्यापारी वारे एकाच दिशेने वाहतात. ज्या बाजूला ते येऊन आदळतात तिथे लाटा, वारा आणि पाऊस जास्त. पलीकडची, आडोशाची बाजू शांत आणि कोरडी. हवाईच्या मोठ्या बेटावर हिलो सतत भिजलेलं असतं आणि त्याच बेटाच्या पश्चिमेला कोना कोरडं. मॉरिशसमध्ये जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा येतो, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर त्या दिवसांत पूर्वेपेक्षा उत्तर आणि पश्चिम किनारा बरा.

दुसरी गोष्ट प्रवाळाची भिंत. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची सलग रांग असेल तर लाटा तिथेच फुटतात आणि आतलं उथळ पाणी, म्हणजे लगून, तळ्यासारखं निवांत राहतं. चार वर्षांच्या मुलाला हवं ते हेच पाणी. उपग्रहाच्या नकाशावर ते ओळखूही येतं: किनाऱ्याला समांतर पांढरी रेघ दिसते, आणि रेघेच्या आत फिकट निळं, बाहेर गडद निळं पाणी. मात्र त्या भिंतीत जिथे खिंड असते तिथून आतलं पाणी जोरात बाहेर पडतं. खिंडीच्या समोरचा किनारा पोहायला घेऊ नये.

तिसरी गोष्ट ऋतू. हवाईतल्या ओआहू बेटाचा उत्तर किनारा उन्हाळ्यात इतका शांत असतो की मुलं डुंबतात. हिवाळ्यात तिथेच डोंगराएवढ्या लाटा येतात आणि जगभरचे सर्फर गोळा होतात. सेशेल्समध्ये मे ते ऑक्टोबर आग्नेय वारे सुरू असताना माहे बेटाच्या वायव्येचा बो वालोंचा किनारा आडोशाला असतो. जाहिरातीतला फोटो कोणत्या महिन्यात काढला हे कुणी सांगत नाही. म्हणून "अमुक महिन्यात, अमुक किनाऱ्यावर लहान मुलं पाण्यात उतरतात का?" असा सरळ प्रश्न निवासाच्या ठिकाणी विचारा. उत्तर गोलमाल आलं की समजून जा.

राहता राहिली भरती-ओहोटी. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र शेकडो मीटर मागे जातो. मुलं पोहायच्या तयारीत बाहेर येतात आणि समोर ओला चिखल, शेवाळ आणि डबकी. खेकडे बघायला हे झकास, पोहायला निरुपयोगी. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला नुंग्वीला हा त्रास बराच कमी. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आतच असतो, तिथे हा विचार फारसा करावा लागत नाही. बाकी ठिकाणी तुमच्या तारखांचं कोष्टक आधी बघून ठेवा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं.

कोणत्या महिन्यात जावं?

चक्रीवादळांचं कॅलेंडर समोर घेऊन बसा. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा अधिकृत काळ, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचा. दक्षिण पॅसिफिक (फिजी, वानुआतू) आणि नैर्ऋत्य हिंदी महासागर (मॉरिशस, रेयुनियों, मादागास्कर) इथे उलट, नोव्हेंबर ते एप्रिल. वायव्य पॅसिफिकमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या बाजूला, वादळं बाराही महिने होऊ शकतात, पण मे ते ऑक्टोबर जोर जास्त.

विषुववृत्ताला खेटून असलेल्या बेटांना हा त्रास जवळपास नाही, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जी गिरकी मिळते ती तिथे मिळत नाही. साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळ क्वचितच तयार होतं. क्वचित म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. २००१ मध्ये 'वामेई' सिंगापूरजवळ, विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर तयार झालं होतं. कॅरिबियनच्या दक्षिणेला अरुबा, बोनेर आणि कुरासाओ ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत. दक्षिणेला आहे म्हणून ग्रेनडाही सुरक्षित धरलं जायचं, पण २००४ मध्ये 'आयव्हन'ने ते बेट झोडपून काढलं. तेव्हा हंगामात जाणारच असाल तर रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या.

पावसाळा हा वेगळा हिशोब. एकाच देशात तो दोन तऱ्हांनी चालतो: थायलंडमध्ये फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेला समुद्र, तर कोह समुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मालदीवमध्ये कोरडे महिने साधारण डिसेंबर ते एप्रिल, बालीमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर.

शाळेच्या सुट्ट्यांत सगळंच महाग आणि गर्दीचं. मुलं शाळेत जायच्या आधीच्या वयाची असतील तर हंगाम नुकताच संपलेले किंवा सुरू व्हायच्या बेतात असलेले महिने गाठा. ही सवलत फार वर्षं मिळत नाही.

पाऊस लागला तर सगळं पाण्यात गेलं का?

नाही. तिथला पाऊस बहुतेकदा तास-दीड तास कोसळतो आणि उघडतो. मुलांना त्यात भिजायला आवडतं, आपल्यालाच नको असतं. विजा असतील तर मात्र पाण्यातून आणि वाळूवरून तडक आत. मोठ्या पावसानंतर ओढ्याच्या मुखाजवळ गढूळ पाण्यात मुलांना सोडू नका. डोंगरावरची सगळी घाण तिथेच उतरलेली असते.

किती दिवसांचा बेत करावा? दोन-तीन बेटं करावीत का?

एक बेट. फार तर दोन मुक्काम. प्रत्येक बदलात अख्खा दिवस जातो: सामान बांधणं, बोटीची वाट, नवी खोली, नवा पलंग आणि रात्री जागं राहणारं मूल. लांबचा विमानप्रवास असेल तर आठवड्याच्या आत परतणं मुलांवर अन्याय आहे, कारण पहिले दोन दिवस झोपेचं गणित बसण्यातच जातात. त्या दोन दिवसांत काहीही ठरवू नका. पैसे भरलेली सहल तर मुळीच नको.

प्रवासात काय सांभाळायचं?

शेवटचा टप्पा सांभाळा. मोठ्या विमानाची चौकशी सगळे करतात. विमानतळ ते खोली या टप्प्याची कुणी करत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच कोसळतात. मालदीवमध्ये लांबच्या बेटांवर नेणारी समुद्री विमानं फक्त उजेडातच उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर ती रात्र विमानतळाच्या आसपास काढून दुसऱ्या दिवशी निघावं लागतं. त्यांत सामानाच्या वजनावरही मर्यादा असते. स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट घेतलं तर हा व्याप टळतो.

उतरताना कान दुखतात ते गिळण्याने कमी होतात. बाळाला दूध पाजा, मोठ्याला काहीतरी चघळायला द्या, आणि विमान खाली यायला लागलं की झोपलेल्यालाही उठवा. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेता येतं, पण मूल सुट्टीतच दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला त्याचं वेगळं आसन लागतं. तारीख तपासा.

टॅक्सीत मुलांचं आसन मिळेलच असं नाही. आधी लिहून विचारा, नाहीतर स्वतःचं न्या.

कागदपत्रं कोणती लागतात?

पासपोर्ट, आणि अनेक देशांना त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. मुलांचा पासपोर्ट बऱ्याच देशांत पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे तो गुपचूप संपतो. आई किंवा वडील एकटेच मुलाला नेत असतील, किंवा मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर पालकांचं सहीचं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ असू द्या. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून किंवा तिथे थांबून येणार असाल तर काही बेटांवर लसीचा दाखला मागतात.

राहायला कसली जागा घ्यावी?

पाण्यावर बांधलेल्या त्या लाकडी खोल्यांचा मोह चालत्या-पळत्या मुलांबरोबर आवरा. दारातून बाहेर पडलं की खाली खोल पाणी आणि कठडा असेलच असं नाही. बरीच ठिकाणं लहान मुलांना तिथे घेतही नाहीत.

मला विचाराल तर तळमजल्यावरची, छोट्या स्वयंपाकघराची खोली. सकाळी साडेपाचला उठलेल्या मुलाला खायला द्यायला न्याहारीची वेळ होईपर्यंत थांबावं लागत नाही, हे एकच कारण पुरेसं आहे. पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक आहे का, बाल्कनीच्या गजांतून डोकं जातं का, दारांना वर कडी आहे का, हे पोचल्या-पोचल्या बघायचं. सामान उघडणं नंतर. आणि खोलीच्या मागच्या दारातून तलावापर्यंत मुलाच्या पावलांनी किती वेळ लागतो ते एकदा स्वतः चालून बघा. तेवढाच तुमच्या हातातला वेळ.

दिवस कसा आखावा?

सकाळी सहा ते दहा समुद्र. दहा ते साडेतीन-चार सावली: जेवण, झोप, पत्ते, पुस्तक. चारनंतर पुन्हा पाणी. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, अंधार झपकन पडतो. म्हणून साडेपाचला आवराआवर सुरू.

दिवसाला एक ठरवलेली गोष्ट पुरे. कासवं बघायची तर कासवंच. त्याच दिवशी धबधबा नको. ज्यांना सुट्टीतही तासातासाचं वेळापत्रक लागतं त्यांना हे पटत नाही, पण चौथ्या दिवशी पटतं.

उन्हाचं काय?

हा प्रश्न लोक सनस्क्रीनपाशी सुरू करतात. सुरुवात कपड्यांपासून करा. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, मानेवर झालर असलेली टोपी, आणि सावली. उरलेल्या उघड्या भागाला ३० किंवा वरच्या एसपीएफचं सनस्क्रीन, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, आणि मग दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. विसरण्याच्या हमखास जागा: कानाची पाळी, पायाचा वरचा भाग, केसांचा भांग, आणि स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, तोंड पाण्यात ठेवून पोहणं) करताना आकाशाकडे असलेली गुडघ्यामागची बाजू.

पाण्यात आहे म्हणून मूल भाजत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अर्धा मीटर खोलीवरही अतिनील किरणांची तीव्रता पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के असते, आणि कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते. पातळ ढगांतूनही बहुतांश किरण येतातच. मुलांना एकच नियम शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की आत पळायचं. त्यांना हा खेळ वाटतो आणि ते आपल्यालाही आत हाकलतात.

सनस्क्रीन विकत घेताना मागचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे. पलाऊने २०२० पासून, आणि थायलंडने आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून प्रवाळाला घातक अशा घटकांवर बंदी घातली आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घेतलं की प्रश्न मिटतो, आणि मुलांच्या नाजूक त्वचेलाही तेच सोसतं. चेहरा पांढराफटक दिसतो, दिसू दे.

माझ्या मुलाला पोहता येतं. मग समुद्राची एवढी भीती कशाला?

कारण तलाव ओढत नाही. तलावात शिकलेल्या मुलाला लाट तोंडावर येणं, पायाखालची वाळू सरकणं आणि तळ दिसेनासा होणं या तिन्ही गोष्टी नव्या असतात. पहिल्या दिवशी तो उत्तम पोहणारा आहे हे विसरून जा.

बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी, डोकं मागे, हात पाणी खाली दाबत असल्यासारखे, आणि आवाज शून्य. आजूबाजूच्यांना ते उभं राहून खेळतंय असंच वाटतं. म्हणून पाच-सहा वर्षांखालच्या आणि न पोहणाऱ्या मुलांजवळ मोठ्या माणसाने हात लांब केला की मूल हाती लागेल एवढ्याच अंतरावर असायचं. खुर्चीतून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. दोन कुटुंबं बरोबर असली की धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पाळी लावा. पाळीवाल्याच्या हातात फोन नको, आणि पाळी संपली की "आता तू" असं तोंडाने म्हणायचं.

रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडून आत ओढून नेणारा अरुंद प्रवाह, दिसायला उलट शांत असतो. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधे एक गुळगुळीत, जरा गडद पट्टा दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडा. मूल ओढलं गेलं तर तरंगणारी कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय मागे उडी टाकू नका.

झेंडे मुलांनाही पाठ हवेत. वर लाल खाली पिवळा अशा दोन झेंड्यांच्या मधे जीवरक्षकांची नजर असते. एक लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे पाण्यात त्रासदायक जीव. आणि पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळे कपडे समुद्रात पटकन दिसेनासे होतात.

दंडावरचे फुगे आणि हवेची रिंग चालेल का?

समुद्रात नाही. जमिनीकडून वारा सुटला की रिंग मुलासकट पाण्यात दूर जाते, आणि ती पकडायला पोहणारा माणूस वाऱ्यापेक्षा हळू असतो. मुलाच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं प्रमाणित लाइफ जॅकेट घ्या. बोटीवर मुलांच्या मापाची जॅकेटं नेहमी असतात असं नाही, म्हणून लहान मूल असेल तर स्वतःचंच न्यावं.

स्नॉर्केलिंग कितव्या वर्षापासून? आणि डायव्हिंग?

पाच-सहा वर्षांचं मूल शिकतं, पण पहिला धडा समुद्रात नको. बादलीत किंवा तलावात मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. मास्कच्या कडेखाली केसांची एक बट जरी अडकली तरी पाणी आत येतं, मूल घाबरतं आणि "मला नाही जायचं" सुरू होतं. केस मागे ओढून घ्या, काचेला आतून थुंकी लावून धुवा म्हणजे वाफ धरत नाही, आणि मास्क मुलाच्या मापाचा, मऊ सिलिकॉनचा असू द्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढला आणि मास्क चिकटून राहिला, तर माप बरोबर. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मुलांना देऊ नका. पाणी शिरलं तर पटकन निघत नाहीत.

पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमांत आठ वर्षांपासून दोन मीटर खोलीपर्यंत ओळख करून देतात आणि दहाव्या वर्षापासून ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं. तुम्ही स्वतः डायव्हिंग करणार असाल तर परतीच्या विमानाआधी किमान १८ तास मोकळे सोडा.

पायाखाली आणि पाण्यात काय काय असतं?

बरंच काही, पण पायांत बूट असले की निम्मं निघून जातं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सी अर्चिनचे (तळाशी बसणाऱ्या काटेरी गोळ्यासारख्या जिवाचे) काटे, प्रवाळाच्या चिरा आणि मांजरा-कुत्र्यांच्या विष्ठेतून वाळूत येणारे जंत, या तिन्हींपासून वाचवतात. प्रवाळावर उभं राहू द्यायचं नाही. तो जिवंत आहे, आणि त्याने झालेली जखम चिघळते. गोड्या पाण्याने घासून धुवा.

जेलीफिशच्या डंखावर वाळू चोळू नका आणि तो लघवीचा उपायही विसरा. बॉक्स जेलीफिशच्या प्रदेशात व्हिनेगर ओततात आणि लगेच वैद्यकीय मदत बोलावतात. ब्लूबॉटल या निळ्या फुग्यासारख्या जिवाच्या डंखाला ऑस्ट्रेलियात व्हिनेगर वापरत नाहीत; समुद्राच्या पाण्याने धुवून सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवतात. पाणी आधी स्वतःच्या हातावर बघा, मुलाची त्वचा पटकन भाजते. उत्तर क्वीन्सलँडमध्ये साधारण नोव्हेंबर ते मे या काळात अंगभर पातळ सूट घालूनच पाण्यात उतरतात.

दोन गोष्टी दिसायला फार गोड असतात. एक, शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख: आतला जीव जिवंत असेल तर त्याचा दंश प्राणघातक ठरू शकतो आणि त्यावर प्रतिविष नाही. दुसरी, कॅरिबियन किनाऱ्यावरचं मँचिनील हे झाड. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, पण विषारी असतात, आणि चीक अंगावर पडला तर फोड येतात. पावसात त्याच्या खाली उभं राहायचं नाही. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो.

नारळाखाली चटई पसरू नका. आणि वाळूत खड्डा खणायचा तर सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याएवढाच. खोल खड्ड्याच्या कडा कोसळतात.

डासांचं काय करावं?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी लवकर आणि मावळतीच्या आधी, म्हणजे नेमका तुमच्या समुद्राच्या वेळात. दोन महिन्यांवरच्या मुलांना डीईईटी हा डास पळवणारा घटक असलेलं औषध चालतं. हातांना लावू नका, ते तोंडात जातात. लेमन युकलिप्टस तेलाचं औषध तीन वर्षांखाली नको. आधी सनस्क्रीन, मग डासांचं. काही बेटांवर मलेरियाही आहे, तिथे निघण्यापूर्वी चार ते सहा आठवडे बालरोगतज्ज्ञांना भेटा. लसींचंही त्याच भेटीत उरकतं.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये, पॅरासिटामॉल चालतं.

खाण्यापिण्यात काय जपायचं?

बंद बाटलीचं पाणी, दात घासायलाही. बर्फ कुठल्या पाण्याचा हे विचारा. प्रवाळाजवळच्या मोठ्या शिकारी माशांत, जसं बॅराकुडा, सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं, आणि ते शिजवून जात नाही. मुलांना छोटे मासे द्या. बाकी, मूल आठवडाभर एकच पदार्थ खाईल तर खाऊ द्या. त्यावरून रोज टेबलावर भांडण नको.

औषधांच्या पिशवीत काय असावं?

ओआरएसची पाकिटं सगळ्यात आधी. मग पॅरासिटामॉल आणि ते मोजायचं माप, थर्मामीटर, चिमटा, जंतुनाशक, पाण्यात टिकणाऱ्या पट्ट्या, ॲलर्जीचं औषध, आणि नेहमीची औषधं दुप्पट, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चार-सहा तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, तर अंगातलं पाणी कमी झालंय; डॉक्टरांकडे न्यायला थांबायचं नाही.

सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणत्या बेटावर आहे आणि रात्री तिथवर कसं नेतात, हे आरक्षणाच्या आधी विचारा. छोट्या बेटावर आरोग्य केंद्रापलीकडे काही नसतं. प्रवास विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. तो रकाना रिकामा असेल तर विमा जवळपास नसल्यासारखाच.

बोट लागते. काय करावं?

दोन ते बारा हे वय त्याचंच. बोटीच्या मधोमध आणि मागच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर, हातात फोन किंवा पुस्तक नाही, पोट अगदी रिकामंही नाही. औषध द्यायचंच तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी समुद्रातच जाते. सकाळची फेरी घ्या, दुपारी वारा वाढतो.

पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, "मला कंटाळा येईल."

तिला ठरवू द्या. एक दिवस पूर्ण तिचा. सर्फिंगचा वर्ग, कयाक, पाण्याखालचा कॅमेरा, काहीही. आणि सकाळी सहाला तिला उठवू नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर?

वाळूत चाकाची खुर्ची रुतते आणि छोट्या बोटीत चढताना लाटेबरोबर पाय टाकावा लागतो. धक्का असलेलं बेट घ्या. मुलं सांभाळायची पाळी त्यांच्यावर गृहीत धरू नका, निदान पाण्याजवळ तरी नाही.

शंख-शिंपले घरी आणता येतात का?

फोटो काढा, तिथेच ठेवा. संन्यासी खेकडे रिकाम्या शंखांतच घर करतात. शिवाय कठीण प्रवाळ, राक्षसी शिंपले, क्वीन काँच शंख आणि समुद्रघोडे हे १९७३ मध्ये झालेल्या आणि १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात. परवान्याशिवाय सीमेवर जप्त होऊ शकतात. कासवाच्या कवचाच्या वस्तू दुकानात उघड दिसल्या तरी घेऊ नका.

परतीचं विमान रात्री आणि खोली दुपारी बारालाच सोडायची. मधल्या वेळात काय?

पोचल्याच्या दिवशीच उशिरापर्यंत खोली मिळेल का ते विचारून ठेवा. शेवटच्या दिवशी विचारलं तर नाहीच मिळत. नाही मिळाली तर आंघोळीची जागा कुठे आहे ते बघून घ्या. सकाळी एकदाच पाण्यात, अकराच्या आत बाहेर. ओले कपडे वेगळ्या बंद पिशवीत, विमानात घालायचे कोरडे कपडे सगळ्यात वर. बोटांच्या बेचक्यांतली वाळू नीट काढा, नाहीतर विमानात मोजे चढवल्यावर रड सुरू होते.